परकीय नागरिकांचा रीतसर प्रक्रियेचा अधिकार (भारत)

परकीय नागरिकांचा रीतसर प्रक्रियेचा अधिकार म्हणजे भारताचे नागरिकत्व नसलेल्या व्यक्तीविरुद्ध अटक, खटला, शिक्षा, स्थानबद्धता किंवा हद्दपारी यांसारखी कारवाई करताना राज्यसंस्थेने कायद्याने ठरवून दिलेली, न्याय्य आणि वाजवी कार्यपद्धती पाळली पाहिजे, अशी अपेक्षा धरण्याचा त्या व्यक्तीचा हक्क होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४, २०, २१ आणि २२ मध्ये 'नागरिक' या शब्दाऐवजी 'व्यक्ती' हा शब्द वापरलेला असल्याने ही संरक्षणे परकीयांनाही लागू होतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत मान्य केले आहे. मात्र भारतात राहण्याचा, स्थायिक होण्याचा किंवा हद्दपार न होण्याचा अधिकार परकीयांना नाही, असेही याच न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. या दोन तत्त्वांमधील सीमारेषा नेमकी कोठे आखायची, हा या विषयातील मुख्य वाद आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा विशेषतः दोन प्रकरणांमुळे झाली. पहिले प्रकरण म्हणजे २००८ च्या मुंबई हल्ल्यातील पाकिस्तानी दहशतवादी अजमल कसाब याच्यावरील खटला, आणि दुसरे म्हणजे २०२० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांविरुद्ध दाखल झालेले गुन्हे. हे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले.

संज्ञा

'रीतसर प्रक्रिया' ही संकल्पना इंग्लंडमधील १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत मागे नेली जाते. अमेरिकेच्या संविधानाच्या पाचव्या (१७९१) आणि चौदाव्या (१८६८) दुरुस्तीत ती शब्दशः आली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये मात्र हा शब्दप्रयोग नाही. तेथे कायद्याद्वारे प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीचा उल्लेख आहे. पहिल्या संकल्पनेत कायदा स्वतः न्याय्य आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते, तर दुसऱ्या संकल्पनेच्या मूळ अर्थानुसार विधिमंडळाने केलेल्या कायद्याचे पालन झाले की नाही एवढेच पाहिले जाते. १९७८ नंतर न्यायालयीन निर्णयांमुळे हा फरक बराच पुसट झाला असल्याने भारतातील चर्चेतही 'रीतसर प्रक्रिया' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे.

संविधानातील तरतुदी

संविधानाच्या तिसऱ्या भागातील मूलभूत अधिकारांची विभागणी दोन गटांत करता येते.

केवळ नागरिकांना असलेले अधिकार: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभावास मनाई (अनुच्छेद १५), सरकारी नोकरीत समान संधी (अनुच्छेद १६), भाषण, संचार, वास्तव्य व व्यवसाय यांचे स्वातंत्र्य (अनुच्छेद १९) आणि भाषा, लिपी व संस्कृतीचे जतन (अनुच्छेद २९).

सर्व व्यक्तींना असलेले अधिकार: कायद्यापुढे समानता (अनुच्छेद १४), अपराधाबद्दलच्या दोषसिद्धीबाबत संरक्षण (अनुच्छेद २०), जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण (अनुच्छेद २१), अटक व स्थानबद्धतेपासून संरक्षण (अनुच्छेद २२), वेठबिगारी व माणसांच्या अपव्यापारास मनाई (अनुच्छेद २३) आणि सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य (अनुच्छेद २५).

अनुच्छेद २० नुसार पूर्वलक्षी फौजदारी कायद्याने शिक्षा देता येत नाही, एकाच अपराधासाठी दोनदा खटला भरून शिक्षा करता येत नाही आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे कळवणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात एक महत्त्वाचा अपवाद आहे. जी व्यक्ती त्या वेळी शत्रुदेशीय असेल, तसेच जी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ताब्यात असेल, तिला ही संरक्षणे मिळत नाहीत. अपवाद करताना संविधानकारांनी 'शत्रुदेशीय' एवढाच गट वेगळा काढला. यावरून इतर परकीयांना ही संरक्षणे देण्याचाच त्यांचा हेतू होता, असा अर्थ काढला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळातील परकीयविषयक कायदे मुख्यतः युद्धकालीन गरजांतून आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना, त्यांतील मिशनऱ्यांसह, अहमदनगर येथील छावणीत ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीसही अहमदनगर येथे अशीच छावणी होती. पुढे तिबेटवरील लेखनामुळे प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइन्रिख हारर हा तेथे काही काळ बंदिवान होता. तेथून त्याला देवळाली व नंतर देहरादून येथे हलवण्यात आले. या स्थानबद्धतेसाठी व्यक्तिगत अपराध सिद्ध होण्याची गरज नव्हती. शत्रुराष्ट्राचे नागरिकत्व एवढे कारण पुरेसे होते. याच अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ नंतर जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेस नेत्यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले.

युद्ध संपल्यानंतर केलेला परकीय नागरिक अधिनियम, १९४६ स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. परकीयांचा प्रवेश, वास्तव्य आणि निर्गमन नियंत्रित करण्याचे व्यापक अधिकार त्याने केंद्र सरकारला दिले. एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही असा प्रश्न उद्भवल्यास, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याच्या कलम ९ ने त्या व्यक्तीवरच टाकली होती.

संविधान सभेतील चर्चा

सध्याचा अनुच्छेद २१ हा मसुद्यात अनुच्छेद १५ होता. सुरुवातीच्या मसुद्यात 'रीतसर प्रक्रिया' असा शब्दप्रयोग होता. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेच्या दौऱ्यात न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची भेट घेतली. निवडून न आलेल्या न्यायाधीशांना कायदे रद्द करण्याचा एवढा मोठा अधिकार देणे लोकशाहीशी सुसंगत नाही, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. त्यानंतर मसुदा समितीने मूळ शब्द बदलून 'कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती' असे शब्द घातले.

डिसेंबर १९४८ मध्ये या बदलावर संविधान सभेत तीव्र चर्चा झाली. कन्हैयालाल मुनशी यांनी मूळ शब्दांचा आग्रह धरला, तर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी बदलाचे समर्थन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ डिसेंबर १९४८ रोजी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. पक्षीय बहुमताखाली काम करणारे विधिमंडळ अन्याय्य कायदा करू शकते आणि मोजके न्यायाधीश आपल्या मतानुसार चांगला कायदा रद्द करू शकतात, या दोन शक्यतांपैकी कोणती अधिक घातक हे ठरवणे कठीण असल्याचे त्यांनी सांगितले. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी अटकेसंबंधीच्या संरक्षणांचा नवा अनुच्छेद (सध्याचा अनुच्छेद २२) मांडला आणि तो आधीच्या निर्णयाची भरपाई असल्याचे नमूद केले. या साऱ्या चर्चेत 'व्यक्ती' हा शब्द कायम राहिला. तो 'नागरिक' असा बदलला गेला नाही.

न्यायालयीन वाटचाल

हद्दपारीचा अधिकार

हान्स म्युलर ऑफ न्यूरेनबर्ग विरुद्ध अधीक्षक, प्रेसिडेन्सी तुरुंग, कलकत्ता (१९५५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम जर्मनीच्या एका नागरिकाच्या स्थानबद्धतेचा विचार केला. अनुच्छेद १९ मधील संचार व वास्तव्याचे स्वातंत्र्य केवळ नागरिकांना असल्याने परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

लुई द राएड्ट विरुद्ध भारतीय संघराज्य (१९९१) हा खटला १९३७ पासून भारतात राहणाऱ्या बेल्जियन मिशनऱ्याचा होता. परकीयाचा मूलभूत अधिकार अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्यापुरता मर्यादित आहे, त्यात येथे स्थायिक होण्याचा अधिकार येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हद्दपारीपूर्वी संबंधिताचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी एकच ठरावीक पद्धत सांगता येणार नाही, ते प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून राहील, असेही न्यायालयाने नमूद केले.

८ एप्रिल २०२१ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने जम्मूमधील रोहिंग्यांच्या अर्जावर अंतरिम आदेश दिला. अनुच्छेद १४ व २१ सर्व व्यक्तींना लागू आहेत, पण हद्दपार न होण्याचा अधिकार हा अनुच्छेद १९ मधील वास्तव्याच्या अधिकाराशी निगडित आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वेळी विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज संबंधितांना परत पाठवू नये, असा निर्देशही देण्यात आला.

न्याय्य कार्यपद्धती

ए. के. गोपालन (१९५०) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती' या शब्दांचा संकुचित अर्थ लावला होता. मनेका गांधी विरुद्ध भारतीय संघराज्य (१९७८) या निकालाने तो बदलला. कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही; ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, लहरी असता कामा नये, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. त्याच वर्षी एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात अपिलासाठी मोफत कायदेशीर साहाय्य मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग मानला गेला. अनुच्छेद २१ मधील 'व्यक्ती' या शब्दामुळे या विस्ताराचा लाभ परकीयांनाही मिळाला.

जीवित आणि प्रतिष्ठा

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश राज्य (१९९६) या प्रकरणात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांना काही संघटनांनी राज्य सोडण्याच्या धमक्या दिल्या होत्या. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य असल्याचे न्यायालयाने सांगितले. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास (२०००) या प्रकरणात हावडा रेल्वे स्थानकाच्या यात्री निवासात सामूहिक बलात्कार झालेल्या बांगलादेशी महिलेला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम करण्यात आला. ती भारतीय नसल्याने मूलभूत अधिकाराच्या भंगाबद्दल दाद मागता येणार नाही, हा बचाव न्यायालयाने फेटाळला.

पुराव्याची जबाबदारी

सर्वानंद सोनोवाल विरुद्ध भारतीय संघराज्य (२००५) या निकालाने आसामपुरता लागू असलेला बेकायदा स्थलांतरित (न्यायाधिकरणांद्वारे निश्चिती) अधिनियम, १९८३ घटनाबाह्य ठरवला. या कायद्यात सिद्धतेचा भार तक्रारदार व सरकारवर होता. जन्मस्थान, पालक यांसारखी माहिती संबंधित व्यक्तीलाच असते, त्यामुळे तो भार तिच्यावर टाकणे अन्याय्य नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ११ जुलै २०२४ रोजी आसाममधील एका प्रकरणात न्यायालयाने या तत्त्वाला मर्यादा घातली. प्राथमिक आधार असलेली माहिती हाती असल्याशिवाय कोणालाही परकीय ठरवण्याची नोटीस काढता येणार नाही, आणि तो आधार त्या व्यक्तीला कळवला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. बारा वर्षांपूर्वी परकीय ठरवण्यात आलेली ती व्यक्ती या निकालाने भारतीय नागरिक असल्याचे जाहीर झाले.

महाराष्ट्रातील प्रकरणे

अजमल कसाब खटला

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा मृत्यू झाला. हल्लेखोरांपैकी जिवंत पकडला गेलेला एकमेव दहशतवादी अजमल कसाब हा पाकिस्तानी नागरिक होता. गिरगाव चौपाटीजवळ त्याला पकडताना सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना वीरमरण आले.

कसाबला वकील द्यावा की नाही, हा प्रश्न सुरुवातीपासून गाजला. मुंबईतील अनेक वकिलांनी त्याचे वकीलपत्र घेण्यास नकार दिला. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नियुक्ती केल्यावर त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली. पुढे हितसंबंधांच्या संघर्षाच्या कारणावरून त्यांना दूर करून अब्बास काझमी यांची, व त्यानंतर के. पी. पवार यांची नियुक्ती झाली. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. ताहलियानी यांच्यापुढे खटला चालला. ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवण्यात आले व ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली. याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही निर्णय कायम ठेवले.

सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना न्यायमित्र नेमण्यात आले. अटकेनंतर लगेच वकील न मिळाल्याने खटला दूषित झाला, असा युक्तिवाद त्यांनी केला. न्यायमूर्ती आफताब आलम व सी. के. प्रसाद यांच्या पीठाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी अपील फेटाळले. मात्र निकालात एक व्यापक नियम घालून देण्यात आला. आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच, वकील घेण्याचा त्याला अधिकार आहे आणि ऐपत नसल्यास तो सरकारी खर्चाने मिळेल, हे सांगणे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. खटल्याच्या टप्प्यावर वकील न दिल्यास खटलाच रद्दबातल ठरेल. त्याआधीच्या टप्प्यावरील त्रुटीने मात्र तो आपोआप रद्द होणार नाही. अशा रीतीने एका परकीय दहशतवाद्याच्या खटल्यात स्पष्ट झालेला हा नियम देशातील सर्व आरोपींना लागू झाला. दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली.

अहमदनगर जिल्ह्यातील तबलिगी जमात प्रकरण

मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील तबलिगी जमातच्या मरकजशी कोरोना संसर्गाचा संबंध जोडला गेला. २ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकून त्यांचे पर्यटन व्हिसा रद्द केले. देशभर गुन्हे दाखल झाले. अहमदनगर जिल्ह्यात मशिदींमध्ये राहत असलेल्या परदेशी नागरिकांविरुद्ध, तसेच त्यांना आश्रय दिल्याच्या आरोपावरून स्थानिक व्यक्तींविरुद्धही भारतीय दंड संहिता, साथरोग अधिनियम, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, महाराष्ट्र पोलीस अधिनियम आणि परकीय नागरिक अधिनियम यांखाली गुन्हे नोंदवले गेले. हे परदेशी नागरिक आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया आदी देशांतील होते.

आपण वैध व्हिसावर आलो, विमानतळावर आपली तपासणी झाली, जिल्ह्यात आल्याची माहिती पोलीस अधीक्षकांना दिली होती आणि टाळेबंदीमुळे वाहने व निवासस्थाने बंद झाल्याने मशिदीत राहावे लागले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पर्यटन व्हिसाचा गैरवापर करून धर्मप्रचार केला आणि टाळेबंदीचे आदेश मोडले, अशी सरकारची बाजू होती.

औरंगाबाद खंडपीठाच्या न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे व एम. जी. सेवलीकर यांनी २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. भारतीय सहआरोपींनाही हा दिलासा मिळाला. व्हिसाच्या अटींनुसार धार्मिक स्थळाला भेट देण्यास किंवा प्रवचनास उपस्थित राहण्यास मनाई नाही, या व्यक्तींना स्थानिक भाषा येत नसल्याने त्यांनी धर्मप्रचार केल्याचे दिसत नाही आणि त्यांनी संसर्ग पसरवल्याचा पुरावा नाही, असे निष्कर्ष निकालात आहेत. व्हिसा देऊन देशात घेतलेल्या परकीयांना अनुच्छेद २०, २१ व २५ ची संरक्षणे मिळतात, आणि संकटाच्या काळात पाहुण्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे दिसते, असे मत न्यायमूर्ती नलावडे यांनी नोंदवले. न्यायमूर्ती सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्याच्या आदेशाशी सहमती दर्शवली, परंतु निकालातील काही निरीक्षणांशी आपण सहमत नसल्याची वेगळी नोंद नंतर केली.

सप्टेंबर २०२० मध्ये नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांविरुद्धची कारवाई रद्द केली. १५ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीतील मुख्य महानगर दंडाधिकारी न्यायालयाने खटल्याला सामोरे गेलेल्या ३६ परदेशी नागरिकांची निर्दोष मुक्तता केली.

तालुका पातळीवरील कार्यपद्धती

परकीयांसंबंधीचे कायदे केंद्राचे असले तरी त्यांची अंमलबजावणी बव्हंशी जिल्हा आणि तालुका पातळीवर होते. अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता तालुक्यातील शिर्डी आणि अहिल्यानगर शहराजवळील मेहेराबाद येथे परदेशी भाविक नियमित येतात. परदेशी पाहुणा उतरल्याची माहिती २४ तासांत देण्याचे बंधन हॉटेल, लॉज आणि धर्मशाळाचालकांवर असते. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक परकीय नागरिक नोंदणी अधिकारी म्हणून काम पाहतात.

श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी परकीय व्यक्तीला अटक झाल्यास प्रक्रियेचे टप्पे भारतीय आरोपीप्रमाणेच असतात. अटकेची कारणे सांगणे, २४ तासांत स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे आणि वकील उपलब्ध करून देणे आवश्यक असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहे. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही, म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे परकीय आरोपीही अर्ज करू शकतो. आरोपीला समजत नसलेल्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक आहे. फ्रेंच किंवा बर्मी भाषकाच्या बाबतीत दुभाषा मिळवणे हीच बऱ्याचदा मोठी अडचण ठरते. मूलभूत अधिकाराचा भंग झाल्यास अनुच्छेद २२६ खाली औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागता येते.

परकीय आरोपीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे वाणिज्यदूत संबंधांवरील व्हिएन्ना करार (१९६३), अनुच्छेद ३६ नुसार त्याला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा अधिकार असल्याचे विनाविलंब कळवावे लागते. दुसरी गोष्ट जामिनाची. आरोपी देश सोडून जाईल या शंकेमुळे जामीन मिळणे अवघड जाते. ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने, नायजेरियन आरोपीने गूगल नकाशावर आपले ठिकाण सतत तपास यंत्रणेला दिसत ठेवावे ही जामिनाची अट अनुच्छेद २१ चा भंग करणारी ठरवली. देश सोडून जाणार नसल्याची हमी देणारे दूतावासाचे प्रमाणपत्र मिळवणे आरोपीच्या हाती नसते, असेही या निकालात म्हटले आहे.

परदेशातील भारतीय

हाच प्रश्न उलट बाजूने भारतीयांनाही भेडसावतो. मूळचे महाराष्ट्रातील निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये ताब्यात घेतले. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना हेरगिरी व दहशतवादाच्या आरोपांखाली देहदंड सुनावला. भारतीय दूतावासाला त्यांना भेटू दिले नव्हते. भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे ठरवले आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. परकीय आरोपीलाही न्याय्य प्रक्रिया मिळाली पाहिजे, हीच या प्रकरणात भारताची अधिकृत भूमिका होती.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यिक वो विरुद्ध हॉपकिन्स (१८८६) या सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी धोबी व्यावसायिकांच्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचे संरक्षण परकीयांनाही असल्याचे मान्य केले. देशाच्या सीमेवर थांबवलेल्या परकीयाला मात्र तेवढे संरक्षण नाही, असे १९५३ च्या मेझेई खटल्यात ठरले. झादवायदास विरुद्ध डेव्हिस (२००१) या निकालाने हद्दपारीसाठीच्या अनिश्चित काळाच्या कोठडीवर मर्यादा आणली. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने १७९८ च्या शत्रुदेशीयांविषयीच्या कायद्याखाली हद्दपार करायच्या व्हेनेझुएलाच्या नागरिकांना आधी नोटीस आणि दाद मागण्याची संधी मिळाली पाहिजे, असे सांगितले.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बेलमार्श कारागृह प्रकरणात, दहशतवादाच्या संशयावरून केवळ परकीयांना खटल्याविना डांबून ठेवणारी तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. धोका नागरिकांकडूनही असताना केवळ परकीयांनाच डांबणे भेदभावाचे आहे, असे त्यामागील कारण होते.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात (१९६६) कायदेशीररीत्या राहणाऱ्या परकीयाला कायद्यानुसारच हद्दपार करण्याची तरतूद अनुच्छेद १३ मध्ये आहे. १९७९ मध्ये या करारात सहभागी होताना भारताने परकीयांबाबत आपला कायदा लागू करण्याचा अधिकार राखून ठेवला. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही.

मतभेद

अधिकारांच्या विस्ताराला विरोध करणारे अभ्यासक व राजकीय नेते पुढील मुद्दे मांडतात. कोणाला देशात राहू द्यायचे हे ठरवणे सार्वभौमत्वाचा गाभा आहे. नागरिकत्वाबरोबर कर्तव्येही येतात. ती नसलेल्यांना समान अधिकार दिल्यास नागरिकत्वाचे मोल कमी होते. बेकायदा घुसखोरीच्या प्रकरणांत प्रत्येक टप्प्यावर सुनावणी दिल्यास कारवाई वर्षानुवर्षे रखडते आणि तुटपुंज्या न्यायालयीन साधनांवर ताण पडतो. कसाबच्या खटल्यावरील वेळ व सुरक्षेचा खर्च यांवरही अशीच टीका झाली.

समर्थक याउलट असे सांगतात की रीतसर प्रक्रिया ही आरोपीला दिलेली बक्षिसी नसून सत्य शोधण्याचे साधन आहे. एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही हेच पुष्कळदा वादग्रस्त असते. परकीयांना प्रक्रिया नाकारली तर चुकून परकीय समजल्या गेलेल्या नागरिकाला आपले नागरिकत्व सिद्ध करण्याची संधीच उरत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे पाठवण्यात आले होते. ते भारतीय असल्याची खातरजमा झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. कसाबच्या खटल्यात भारतीय सहआरोपी निर्दोष सुटले, याकडेही समर्थक लक्ष वेधतात.

यांदरम्यान एक मध्यममार्गी मत आहे. त्यानुसार फौजदारी खटल्यात नागरिक आणि परकीय यांना समान संरक्षण असावे. हद्दपारीच्या प्रकरणात मात्र नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि स्वतंत्र अधिकाऱ्याकडून फेरतपासणी एवढी किमान प्रक्रिया पुरेशी मानावी.

सद्यस्थिती

स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याने १९२० चा पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम, १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी अधिनियम, १९४६ चा परकीय नागरिक अधिनियम आणि २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वाविषयीचा अधिनियम यांची जागा घेतली. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या कायद्यातही संबंधित व्यक्तीवरच आहे. हा कायदाही अनुच्छेद १४ व २१ च्या अधीन असल्याने, त्याखालील कारवाई करताना 'व्यक्ती' या शब्दातून येणारी किमान संरक्षणे पाळावी लागतात.

हे सुद्धा पहा

भारतीय संविधान
मूलभूत अधिकार
भारतीय नागरिकत्व
मनेका गांधी विरुद्ध भारतीय संघराज्य
मुंबई उच्च न्यायालय
अहिल्यानगर जिल्हा